'मिसाकी नो मायोइगा' : त्सुनामीनंतरचं एक घर आणि त्यातल्या तिघी

केवडा (धागाकर्ती)

जपानी ॲनिमेशनची चर्चा आपल्याकडे दोन-चार गाजलेल्या नावांपाशीच घुटमळते. मला एका कमी बोलल्या गेलेल्या चित्रपटाबद्दल लिहायचं आहे. 'मिसाकी नो मायोइगा', म्हणजे इंग्रजीतला 'द हाऊस ऑफ द लॉस्ट ऑन द केप'. जपानमध्ये २७ ऑगस्ट २०२१ ला आला. दिग्दर्शक कावात्सुरा शिन्या, पटकथा योशिदा रेइको यांची, स्टुडिओ डेव्हिड प्रॉडक्शन. मूळ कादंबरी काशिवाबा साचिको यांची. या लेखिका स्वतः इवातेच्या, आणि कथाही इवाते प्रांताच्या किनाऱ्यावरची. पुढे थोडं कथानक येईल, शेवट सांगणार नाही.

११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यामागून आलेल्या त्सुनामीने ईशान्य जपानचा किनारा धुऊन नेला. मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांवर माणसं. चित्रपटातलं कित्सुनेझाकी हे गाव काल्पनिक आहे, पण खालचं सगळं गाव गेलं आणि वरचा डोंगर तेवढा जागच्या जागी हिरवागार राहिला, हे चित्र त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांचं होतं.

१७ वर्षांची युई बापाच्या जाचामुळे घर सोडून निघालेली. ८ वर्षांची हियोरी आईवडील अपघातात गेल्यापासून बोलत नाही. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, लाट आली त्या दिवशी त्या एकाच गावात होत्या इतकंच. निवारा केंद्रात प्रश्न येणारच की तुमचं कोण, कुठे जाणार. युईने खरं सांगितलं तर तिची रवानगी पुन्हा बापाकडे. हियोरीला तर काही सांगताच येत नाही. अशा वेळी किवा नावाची एक म्हातारी पुढे होते आणि या दोघी माझ्याच घरच्या आहेत असं सांगून मोकळी होते.

माझ्या मते अख्खा चित्रपट या एका वाक्यावर उभा आहे. जोडलेल्या कुटुंबाच्या बहुतेक गोष्टींत आधी ओळख होते, मग भांडणं, मग लळा, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं की आपण आता एकमेकांचे आहोत. इथे सुरुवातच उलटी आहे. किवाने आधी चारचौघांत जबाबदारी घेतली. नाव-गाव, स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं मागाहून. आणि लळा लागायला चित्रपट घाई करत नाही. युई बराच काळ या म्हातारीकडे संशयानेच बघते. ज्या मुलीला स्वतःच्या घरात धाक आणि मार मिळाला, तिला कुणी काही न मागता जेवू घातलं तर आधी भीतीच वाटणार. तो संशय दिग्दर्शकाने नीट जपलाय, एखाद्या गोड गाण्यात विरघळवून टाकलेला नाही.

तिघी जाऊन राहतात ते भूशिराच्या टोकावरचं गवताने शाकारलेलं जुनं घर. हे घर जिवंत आहे. तहान लागली म्हणावं तर पाण्याचे पेले हजर. आल्यागेल्याचा पाहुणचार करणं हा त्या घराचा स्वभावच. किवा त्याला मायोइगा म्हणते, आणि इथून लोककथा सुरू होते.

मायोइगा ही गोष्ट येते 'तोनो मोनोगातारी'तून, म्हणजे इवातेतल्या तोनो गावच्या गोष्टींतून. यानागिता कुनिओ यांनी १९१० मध्ये काढलेलं हे छोटंसं पुस्तक, ११९ गोष्टींचं. पहिल्या आवृत्तीच्या जेमतेम ३५० प्रती होत्या, आणि आज जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाची सुरुवात याच पुस्तकापासून मोजतात. त्यातली ६३वी गोष्ट मी इथे सविस्तर सांगते, कारण ती माहीत असली की चित्रपट वेगळाच दिसतो.

ओगुनी गावात मिउरा नावाचं एक घराणं. त्यांची सून जरा भोळसट. एक दिवस ओढ्याकाठची रानभाजी खुडत ती डोंगरात फार आत गेली. समोर बघते तर काळ्या दरवाजाचा मोठा वाडा. अंगणात लाल-पांढरी फुलं, कोंबड्या, मागे गोठा भरलेला, तबेल्यात घोडे. माणूस मात्र एकही नाही. आत गेली तर लाल आणि काळे लाखेचे वाडगे मांडून ठेवलेले, शेगडीवर किटलीत पाणी खळखळतंय. हे डोंगरातल्या राक्षसाचं घर असणार असं वाटून ती घाबरून पळत सुटली. गावात कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे एकदा ती घरापाशी ओढ्यावर धुणं-धुवण करत असताना वरून एक लाल वाडगा वाहत आला. दिसायला सुंदर, पण त्यात जेवलं तर घरचे रागावतील म्हणून तिने तो धान्याच्या कोठीत मापाला ठेवला. त्या दिवसापासून कोठीतलं धान्य सरेना. तिकडची समजूत अशी की मायोइगा दिसलं तर तिथून काहीतरी उचलून आणावं, कारण त्या माणसाचं भलं व्हावं म्हणूनच ते घर दिसतं. या सुनेने काहीच उचललं नाही, म्हणून वाडगा आपण होऊन तिच्याकडे आला.

६४वी गोष्ट याची जोडगोष्ट. एका घरजावयाला आपल्या आईवडिलांच्या घरी जाताना असंच घर दिसलं. चहा मांडलेला, माणूस नाही. तोही घाबरून परतला. गावकरी म्हणाले, अरे चला, वाडगे आणून श्रीमंत होऊ. सगळे निघाले, त्याने दाखवलेल्या जागी गेले, तिथे काहीच नव्हतं.

काशिवाबा यांनी या गोष्टीतला सोन्यासारखा भाग उचलला आहे: न मागता देणारं घर. पण जुन्या कथेत त्या घरात कुणीच राहत नाही. माणूस येतो, बघतो, पळतो. कादंबरीत आणि चित्रपटात मात्र तिथे माणसं राहायला येतात, तीही अशी की ज्यांना पळून जायला दुसरी जागाच नाही. वाडगा घरी न्यायचा कुठे, घर तर वाहून गेलंय. म्हणून तिथेच चूल पेटते, शाळेचा रस्ता ठरतो, आजी रात्री गोष्ट सांगते.

किवा गोष्ट सांगते तेव्हा चित्रांची शैलीच बदलते. एरवीचं नेटकं रेखाटन जाऊन जाड, मोकळ्या रेषा येतात. हे तुकडे पुन्हा पुन्हा बघावेत असे आहेत.

आणि मग नदीतून कप्पा, म्हणजे जपानी लोककथांतले पाण्यातले जीव, येतात, फुशिगित्तो म्हणून ओळखले जाणारे बाकीचे अद्भुत जीव येतात. समुद्राच्या बाजूने अगामे नावाचं संकटही येतं. त्सुनामीमुळे त्याचं जुनं बंधन सुटलंय आणि माणसांच्या दुःखावर ते पोसलं जातं.

फुजी टीव्हीने आपत्तीला दहा वर्षं झाली त्यानिमित्त तीन प्रांतांसाठी तीन ॲनिमे काढले, त्यातला इवातेचा हा. मियागीची 'बाकुतेन!!' ही मालिका, फुकुशिमाचा 'हुला फुला डान्स'. पण निमित्ताने काढलेलं काम असं हे अजिबात वाटत नाही.

कुणी पाहिलाय का? आणि आपल्याकडे अशी देणारी घरं, देणाऱ्या जागा कुठल्या गोष्टींत येतात? वाचायला आवडेल.

तिरफळ

पाहिलेला नाही, पण तुमचा वाडगा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या कोकणात, आणि घाटावरही पुष्कळ गावांत, तळ्यातल्या भांड्यांची गोष्ट सांगतात. घरात लग्नकार्य निघालं आणि भांडी पुरी पडत नसली की यजमानाने आदल्या संध्याकाळी तळ्यावर जायचं. हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा, हात जोडून सांगायचं की इतक्या पानांचं जेवण आहे, इतकी पातेली, इतक्या पराती, इतके डाव लागतील. सकाळी काठावर भांडी लखलखीत. कार्य उरकलं की घासूनपुसून परत नेऊन ठेवायची. मग एका कुणीतरी एक पळी ठेवून घेतली, कुठे वाटी म्हणतात, आणि तळं कायमचं बंद झालं. आमच्या आजीच्या सांगण्यात ते घर कुठलं हेही असायचं, आणि त्या घराशी सोयरीक करताना लोक अजून कुजबुजतात.

तुमच्या जपानी सुनेने काही घेतलं नाही म्हणून मिळालं, आमच्याकडच्याने ठेवून घेतलं म्हणून गेलं. दोन्हीकडे हिशेब एकच दिसतो.

सेंदाईकर

केवडाताई, फार छान धागा. मी सेंदाईला राहतो, म्हणजे तोनोहून तसा जवळच.

तिरफळ, तुमची तळ्याची गोष्ट जपानमध्ये जशीच्या तशी आहे. तिला 'वान-काशी', वाडगे उसने देण्याची कथा, म्हणतात. डोह, गुहा, जुनी थडग्याची टेकडी अशा जागी आदल्या दिवशी जाऊन सांगायचं, उद्या इतके वाडगे आणि इतकी ताटं हवीत. सकाळी तयार. कुणीतरी एक परत केला नाही आणि उसनवार संपली. यानागितांनी यावरही लिहिलं आहे. मायोइगाचा वाडगा आणि उसना वाडगा ही एकाच घरातली भावंडं वाटतात मला.

आता तोनोबद्दल. गाव डोंगरांच्या वाटीत आहे. तिथली जुनी शेतकऱ्यांची घरं काटकोनात वळलेली असतात, मागारिया म्हणतात. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला घोडे, मध्ये भिंत नावापुरती. हा भाग म्हणजे जुना नांबू, घोड्यांचा मुलूख. मी अशा एका जतन केलेल्या घरात गेलो होतो. चुलीचा धूर वर छपरात चढतो, गवत वाळवतो, किडे मारतो आणि ऊब तबेल्यापर्यंत पोचते. तुळया इतक्या काळ्या झालेल्या की हात लावला तर बोटांना काजळी. ओल्या मातीचा, घोड्याच्या गवताचा आणि धुराचा एकत्र वास. हे बघितल्यावर घर स्वतःच जिवंत आहे, ते माणसांची काळजी घेतं, ही कल्पना कुठून आली असेल ते समजतं. असं घर खरंच राबत असतं.

एक गोष्ट धाग्यात यायला हवी. २०११ मध्ये तोनो हे मदतीचं मोठं ठाणं होतं. किनाऱ्यापासून आत, डोंगरापलीकडे असल्यामुळे ते वाचलं, आणि कामाइशी, ओत्सुची, रिकुझेनताकाता या गावांना माणसं आणि सामान तिथून गेलं. स्वयंसेवक तोनोत मुक्काम करून रोज किनाऱ्यावर उतरायचे. किवा दूरदूरच्या फुशिगित्तोंना मदतीला बोलावते तो भाग बघताना माझ्या डोळ्यांसमोर हेच आलं. आतल्या डोंगरातून किनाऱ्याकडे मदत निघते, हे इवातेच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

रीळबदल

मी पाहिलाय, आणि मला पूर्वार्ध जितका आवडला तितका उत्तरार्ध नाही.

पहिला तासभर निव्वळ सुंदर आहे. कावात्सुरांनी आधी 'नॉन नॉन बियोरी' केलं होतं, खेड्यातल्या चार मुलींच्या दिवसांवर. काही घडत नसलेला दुपारचा वेळ कसा दाखवायचा हे त्यांना येतं. तिघींचं जेवण, घर झाडणं, किवाने आणलेली भाजी, ही सगळी दृश्यं थांबून बघावीत अशी. ओताके शिनोबु यांचा किवाचा आवाज तर अप्रतिम. कुठेही आजीपणाचं प्रदर्शन नाही.

पण मग अगामे येतो. लाल डोळ्यांचा अवाढव्य साप, धावपळ, सामना. दुःखाला शरीर दिलं की त्याला मारता येतं, आणि मारता येणारं दुःख मला खोटं वाटतं. हियोरीचे आईवडील काही साप मेल्याने परत येत नाहीत. युईच्या मनातला बापही असा जात नाही. तासभर इतकं संयमाने सांगितलेलं शेवटी एका लढाईवर आणून ठेवलं, याचं मला वाईट वाटलं. राक्षसाशिवाय हा चित्रपट अधिक मोठा झाला असता.

केवडा (धागाकर्ती)

@तिरफळ, @सेंदाईकर, खूप आभार. वान-काशी आणि तळ्यातली भांडी शेजारी शेजारी वाचून अंगावर काटा आला. @सेंदाईकर, तोनोच्या मदतीचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा.

@रीळबदल, तुमचं म्हणणं मी मनापासून घेते, तरी माझं मत वेगळं आहे. लढाईची दृश्यं लांबली आहेत, कबूल. पण अगामे हा नव्याने जन्मलेला राक्षस नाही. पूर्वी कधीतरी त्याला बांधून ठेवलं होतं आणि लाटेने ते बंधन तुटलं. सानरिकूच्या, म्हणजे याच, किनाऱ्यावर १५ जून १८९६ ला त्सुनामी आली, सुमारे २२ हजार माणसं गेली. ३ मार्च १९३३ ला पुन्हा आली. मग २०११. मियाकोजवळच्या आनेयोशी वस्तीत १९३३ नंतर लावलेला एक दगड आहे, याच्या खाली घरं बांधू नका असं त्यावर कोरलंय. २०११ चं पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं आणि वस्ती वाचली. ज्या किनाऱ्यावर संकट दर दोन-तीन पिढ्यांनी परत येतं, तिथल्या लोककथेतला साप बांधलेलाच असणार. तो पुन्हा सुटू शकतो हे ऐकणाऱ्या मुलालाही ठाऊक असणार. मला त्यात दुःखाचा नायनाट दिसला नाही. प्रत्येक पिढीला ते पुन्हा बांधावं लागतं, एवढंच दिसलं.

आणखी एक. अगामे माणसांना खातो त्याआधी त्यांना गाव सोडायला लावतो. मनात सलणारं जे काही असेल ते समोर उभं करून. आपत्तीनंतर गावं रिकामी होत जाणं हे इवातेचं खरंखुरं दुखणं आहे. तरुण मोरिओकाला, सेंदाईला, तोक्योला निघून जातात. साप आणि हे दुखणं वेगळं काढता येत नाही.

मांजरा_काठ

हा धागा वाचताना किल्लारी आठवल्याशिवाय राहिली नाही. मी लातूर जिल्ह्यातली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या धाब्याच्या भिंती, वर मातीचं ओझं, सगळं अंगावर आलं. आमचं गाव काठावर होतं, आम्ही वाचलो. माझ्या मोठ्या काकूने भूकंपातल्या दोन बहिणी घरी आणल्या. नातं काही नाही, तिच्या माहेरच्या गावातल्या, एवढंच. पुढे शिधापत्रिकेवर नावं चढवायची वेळ आली. त्यात 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असा रकाना असतो. लिहिणाऱ्याने पेन थांबवून विचारलं, काय लिहू? काकू म्हणाली, पुतण्या लिहा. त्याने दोघींपुढे 'पुतणी' लिहिलं. त्या आजही तिला मोठीआई म्हणतात, आणि त्यांच्या लग्नात कन्यादान काका-काकूनेच केलं.

म्हणून किवाच्या वाक्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला पटलं. कुणी एक माणूस असं बोलतो आणि त्याच्यामागून बाकीचं सगळं येतं.

तेव्हा शांतिलाल मुथ्थांच्या पुढाकाराने भूकंपातली १२०० मुलं पुण्याला शिकायला गेली. त्यातली पुष्कळ पुढे चांगली उभी राहिली. पण ज्यांना एखादी काकू मिळाली त्यांची गोष्ट कुठे लिहिलेली नाही, म्हणून इथे लिहिली.

केवडा (धागाकर्ती)

@मांजरा_काठ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. काकूंना नमस्कार सांगा.

ओवी_संग्रह

चर्चा लोककथेची आहे म्हणून सासाकी किझेन यांचं नाव इथे यायलाच हवं. 'तोनो मोनोगातारी'वर नाव यानागितांचं आहे, पण या गोष्टी सांगितल्या तोनोजवळच्या त्सुचिबुची गावच्या या तरुणाने. साहित्यात नाव काढायचं म्हणून तो तोक्योला आला होता. आजोबांकडून आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी तो रात्री यानागितांना ऐकवायचा आणि ते टिपून घ्यायचे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत यानागितांनी हे स्वच्छ सांगितलं आहे. पुढे किझेन गावी परतला आणि त्याने स्वतः लोककथांचे संग्रह काढले. भाषाशास्त्रज्ञ किंदाइची क्योसुके यांनी त्याला जपानचा ग्रिम म्हटलं.

मी हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे सरोजिनी बाबरांनी, दुर्गाबाईंनी जे गोळा केलं त्यामागेही अशा शेकडो सांगणाऱ्या बाया होत्या. किवा ही पडद्यावरची अशीच एक बाई आहे. ती गोष्ट सांगते ती मनोरंजनासाठी नाही, या दोन मुलींना आता या मातीत राहायचंय, तर इथे कोण कोण राहतं ते त्यांना माहीत हवं म्हणून.

तोनोत अजूनही सांगणाऱ्या आज्या आहेत. गोष्टीची सुरुवात 'मुकाशी आत्ता झुमोना', शेवट 'दोंदोहारे'. आपली 'साठा उत्तराची कहाणी' जशी संपली की कळतं, तसंच.

सेंदाईकर

@ओवी_संग्रह, किझेनच्या सांगण्यातली ९९वी गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, पण इतरांसाठी लिहितो. या चित्रपटाच्या फार जवळची आहे.

फुकुजी नावाचा माणूस किनाऱ्यावर तानोहामाला घरजावई होऊन गेला होता. १८९६ च्या लाटेत त्याची बायको आणि एक मूल गेलं. उरलेल्या दोन मुलांना घेऊन तो जुन्या घराच्या जागेवर झोपडी बांधून राहिला. वर्षभराने, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका चांदण्या रात्री तो लघवीला उठला. संडास लांब, वाट समुद्राच्या कडेने. धुकं होतं. धुक्यातून एक बाई आणि एक पुरुष येताना दिसले. बाई त्याची मेलेली बायको होती. तो बरंच अंतर त्यांच्या मागे गेला आणि त्याने तिला हाक मारली. ती वळून हसली. सोबतचा पुरुष त्याच गावचा, त्याच लाटेत गेलेला. फुकुजी घरजावई म्हणून येण्याआधी तिचं त्याच्यावर मन होतं असं लोक म्हणत. ती म्हणाली, मी आता याची बायको आहे. फुकुजी म्हणाला, तुला मुलांची माया नाही का? तिचा चेहरा थोडा उतरला आणि ती रडली. मेलेल्या माणसांशी आपण बोलतोय असं फुकुजीला वाटेचना, दुःखाने तो खाली मान घालून उभा राहिला, तेवढ्यात ती दोघं झपाझप डोंगराच्या कडेने वळून गेली. फुकुजी नंतर बरेच दिवस आजारी होता.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यातला राग, मत्सर, माया सगळं एकदम अंगावर आलं. त्यात दिलासा नाही. पण बायको कुठेतरी आहे आणि एकटी नाही एवढं तिच्या नवऱ्याला कळतं. याच किनाऱ्यावर ओत्सुचीमध्ये एका बागेत तार नसलेला टेलिफोन आहे, 'वाऱ्याचा टेलिफोन'. २०१० मध्ये ससाकी इतारू यांनी चुलतभाऊ गेल्यावर तो बसवला आणि त्सुनामीनंतर हजारो लोक तिथे येऊन गेलेल्या माणसांशी बोलले. शंभर वर्षांपूर्वीचा फुकुजी आणि हे लोक मला एकाच रांगेत उभे दिसतात.

रीळबदल

@सेंदाईकर, फुकुजीची गोष्ट वाचून माझा मुद्दा मला अधिकच पक्का वाटतो. लोककथेत साप नाही, लढाई नाही, फक्त एक प्रश्न आणि रडणं, तरी ती हादरवते. चित्रपटाला ही वाट खुली होती.

@केवडा, बांधलेल्या सापाचं तुमचं वाचन मात्र आवडलं. १८९६ आणि १९३३ मनात ठेवून पुन्हा बघेन.

एक विचारायचं होतं. कादंबरीतही युई अशीच आहे का?

केवडा (धागाकर्ती)

नाही. कादंबरीत ती शाळकरी मुलगी नाही, नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेली बाई आहे. चित्रपटात तिला १७ वर्षांची केल्याने तिन्ही पिढ्यांचं गणित बदललं. कादंबरीत आजी, आई, लेक असं घर उभं राहतं. चित्रपटात दोन मुली आणि एक म्हातारी, मधली पिढी गायब. मला कादंबरीतली मांडणी जास्त धीट वाटते. पळून आलेल्या बाईला नवं घर मिळणं हे पळून आलेल्या मुलीपेक्षा समाजाला जड जातं. पण चित्रपटातली युई हियोरीची ताई होते. जिला कुणी सांभाळलं नाही ती दुसऱ्या कुणाला सांभाळायला शिकते. तो बदलही वाया गेलेला नाही. आशिदा माना यांनी युईचा आवाज दिलाय, आणि पूर्वार्धातला तिचा तुटक स्वर पुढे हळूहळू सैल होत जातो तो ऐकण्यासारखा आहे.

सातबारा

चांगली चर्चा. एक शंका मात्र छळतेय. जादूचं घर मिळालं म्हणून या तिघींचं भागलं. प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं तात्पुरत्या घरांत राहिले, पत्र्यासारख्या भिंती, शेजारी अनोळखी, आणि कितीतरी म्हातारी माणसं तिथे एकेकटी मेली. अशा वेळी पाणी आपोआप येणारं घर दाखवणं हे त्या लोकांवर अन्याय करणारं नाही का?

सेंदाईकर

@सातबारा, प्रश्न रास्त आहे. तात्पुरत्या घरांतला एकटेपणा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या गल्ल्या मोडल्या, सोडतीने घरं मिळाली, शेजार तुटला. त्यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी चहाच्या खोल्या निघाल्या. सकाळी कुणीतरी किटली चढवायची आणि ज्याला यायचं त्याने यायचं.

मला चित्रपटातलं घर त्या खोलीसारखंच वाटलं. गोष्टीत घर पाणी देतं, पण हियोरीला शाळेत पोचवणं, युईला गावात ओळख मिळवून देणं, सणाच्या नाचगाण्यात मुलीला सामील करून घेणं, हे गावातली माणसंच करतात. घराची जादू उंबऱ्यापाशी संपते.

सातबारा

हे मी लक्षात घेतलं नव्हतं, आता या नजरेने बघतो.

पाटावरवंटा

लहान मुलांना दाखवावा का? माझा मुलगा सात वर्षांचा आहे, भुताखेतांच्या गोष्टी त्याला आवडतात पण रात्री झोप उडते.

केवडा (धागाकर्ती)

@पाटावरवंटा, कप्पांचा सगळा भाग मुलांना आवडेल. डोक्यावरची पाण्याची खळगी, काकडीचा सोस, सगळं आहे. साप मात्र भीतीदायक आहे, आणि युईच्या बापाचे प्रसंग मोठ्यांनाही जड जातात. शेजारी बसून, दिवसाउजेडी, आणि सापाच्या आधी थांबून दुसऱ्या दिवशी पुढचा. लांबी १०५ मिनिटं आहे, दोन बैठकांत नीट होतो. त्सुनामी म्हणजे काय हे आधी थोडक्यात सांगून ठेवा, नाहीतर गाव असं का झालंय हा प्रश्न सारखा येईल.

तिरफळ

काल पाहिला. तळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला त्या घरात शिरताना काहीच परकं वाटलं नाही. कप्पा बघून आमच्याकडच्या नदीतल्या साती आसरा आठवल्या. पाण्याजवळ मुलांनी एकटं जाऊ नये यासाठी दोन्हीकडे कुणीतरी पाण्यात बसवून ठेवलंय.

मला सगळ्यात आवडलं ते असं की किवा त्या घरात मालकीण असल्यासारखी वागत नाही. घराला काही सांगायचं तर विनंती करावी तसं सांगते, मिळालं की आभार मानते. आमच्या आजीने तळ्याला हात जोडून सांगायची रीत सांगितली होती, अगदी तशी.

@सेंदाईकर, पुढच्या वर्षी जपानला येण्याचा विचार आहे. तोनोला कसं जायचं?

सेंदाईकर

@तिरफळ, जरूर या. तोक्योहून तोहोकु शिनकान्सेनने शिन-हानामाकी, तिथून कामाइशी मार्गाची छोटी गाडी, तीच तोनोला जाते आणि पुढे समुद्रावर कामाइशीला. तोनोत स्टेशनवर सायकल भाड्याने घ्या. जोकेनजी देवळामागे कप्पाबुची हा ओढा आहे, तिथे लोक बांबूला काकडी बांधून कप्पा पकडायला बसतात. देवळातल्या दगडी कुत्र्याच्या डोक्यावरही कप्पासारखी खळगी आहे, ती चुकवू नका. शेजारी देन्शोएन या जुन्या घरांच्या संग्रहालयात ओशिरासामा या घरगुती देवाच्या हजार बाहुल्यांची खोली. मग कामाइशीला उतरून सानरिकू रेल्वेने मियाकोपर्यंत जा. हा तुकडा लाटेत गेला होता, मार्च २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. वाटेत ओत्सुची लागतं. मे-जून किंवा ऑक्टोबर धरा, हिवाळ्यात बर्फ फार असतं. तारखा ठरल्या की व्यनि करा, सुट्टी मिळाली तर मीही सोबत येतो.